कंपनीचा मुलूख कोणता?

(संस्थेच्या वार्षिक कार्यक्रमात पालक व विद्यार्थ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



चिटणीससाहेबांनी मला एवढेच सांगितले होते की, मुलांच्या उपयोगी पडेल असे काही बोला. विषय त्यांनी दिला नाही. तो मला बारावी वाणिज्य शाखेतल्या एका विद्यार्थिनीने दिला. तिचे वडील मानवतच्या एका जिनिंगमध्ये कामाला आहेत. थोरल्या भावाने डिप्लोमा केला आणि पुण्याजवळ एका परदेशी कंपनीत नोकरी धरली. सहा वर्षे त्याने इमानेइतबारे काम केले. एके दिवशी कंपनीने तो विभागच बंद केला आणि ते काम दुसऱ्या एका देशात नेले. तीन महिन्यांचा पगार आणि एक छापील पत्र घेऊन मुलगा घरी आला. ही मुलगी तास संपल्यावर माझ्यापाशी येऊन म्हणाली, "सर, आमच्या भावाला त्यांनी परका म्हणून काढले. पण त्यांच्या स्वतःच्या देशात तरी ते असे करीत नसतील ना? कंपनीला स्वतःचा मुलूख असतो की नाही?"

वाणिज्य शिकवता शिकवता माझे केस पांढरे झाले, परंतु असा प्रश्न मला कोणी विचारला नव्हता. मी तिला उत्तर दिले नाही, थोडी मुदत मागून घेतली. आज जे बोलणार आहे ते त्या उत्तरापोटीच.

कंपनी म्हणजे काय, हे अकरावीच्या पुस्तकात दिलेले असते : कायद्याने निर्माण केलेली कृत्रिम व्यक्ती. ही व्यक्ती जमीन घेते, कर्ज काढते, दावा लावते. मात्र ती आजारी पडत नाही आणि तिला आईही नसते. आपण माणसांना लावतो ती वफादारी, नमकहलाली, कृतज्ञता ही मापे तिला लावायला जातो आणि मग निराश होतो. पण म्हणून तिच्यावर कोणाचे काही देणेच लागत नाही, असे म्हणणाऱ्यांपैकीही मी नव्हे. देणे लागते. ते भावनेचे असते की हिशेबाचे, हा खरा प्रश्न आहे.

त्यासाठी फार दूर जायला नको. आपल्या परभणी स्टेशनवर उभे राहू. मनमाडहून औरंगाबाद, जालना, परभणी, नांदेड करीत हैदराबादकडे जाणारा हा मार्ग १९०० च्या आसपास सुरू झाला. तेव्हा तो मीटर गेजचा होता. आपला जिल्हा त्या वेळी निजामाच्या राज्यात होता आणि गाडीला लोक निजामाची रेल्वे म्हणत. पण तिचा कारभार जिच्याकडे होता ती 'निजाम्स गॅरंटीड स्टेट रेल्वे' कंपनी मात्र लंडनची होती. १८८३ साली ती तिथे स्थापन झाली. नावातला 'गॅरंटीड' हा शब्द नीट पाहा. शाळेत असताना मला वाटे, की गाडी वेळेवर येण्याची ती हमी असावी. (आमच्या काळी ती कधी वेळेवर येत नसे, हा भाग वेगळा.) ती हमी होती भांडवलावरच्या व्याजाची. विलायतेतल्या भागधारकांना दरसाल ५ टक्के मिळालेच पाहिजेत आणि गाडीने तेवढे कमावले नाही, तर उरलेले निजाम सरकारने आपल्या खजिन्यातून भरावेत, असा २० वर्षांचा तो करार होता. खजिना कशाने भरत होता? परभणी, बीड, नांदेडच्या रयतेच्या शेतसाऱ्याने. म्हणजे जोखीम इथल्या कुणब्याची आणि नफा लंडनच्या गृहस्थाचा.

हा करार होत असताना हैदराबादेत काही लोकांनी तोंड उघडले. सरोजिनी नायडूंचे वडील डॉ. अघोरनाथ चट्टोपाध्याय त्यांत होते, मुल्ला अब्दुल कय्यूम होते. त्या वेळी ही योजना 'चांदा रेल्वे योजना' म्हणून ओळखली जाई. या मंडळींची मागणी आज ऐकली तर फार साधी वाटेल : करार करण्यापूर्वी त्याच्या अटी लोकांना कळू द्या, त्यांवर चर्चा होऊ द्या. एवढ्यावरून अघोरनाथांना १८८३ मध्ये हैदराबाद सोडून जावे लागले. रेल्वे नको, असे त्यांचे म्हणणे नव्हते. कागद वाचू द्या, एवढेच म्हणणे होते.

पुढे लवकरच, १८८६ साली, हैदराबाद राज्यातल्या खाणींसाठी लंडनला आणखी एक कंपनी निघाली. तिच्या शेअरांचा घोटाळा इतका गाजला की, १८८८ साली ब्रिटिश पार्लमेंटला चौकशी समिती नेमावी लागली. चौकशीत काय निघाले? निजाम सरकारच्या वतीने शेअर विकत घेणारा बडा अधिकारी आणि ते शेअर आतून विकणारा मालक हा एकच माणूस होता. तो लंडनचा नव्हता. आपल्याच राज्याचा सरदार होता. परक्या कंपनीवर बेइमानीचा ठपका ठेवण्याआधी हे प्रकरण मी मुद्दाम मुलांना सांगतो.

त्या रेल्वेचा शेवट असा झाला. १९३० साली निजाम सरकारने ती कंपनीकडून आपल्या ताब्यात घेतली. रूळ तेच आणि गाड्याही त्याच राहिल्या, पण हिशेबाची वही हैदराबादेत आली. त्यानंतर दोनच वर्षांनी, १९३२ साली, त्याच रेल्वे खात्याने २७ बसगाड्या घेऊन सरकारी मोटारसेवा सुरू केली. लंडनच्या भागधारकाला त्या गाड्यांचे काय सोयरसुतक असते? वही जिथे असते तिथल्या गरजा दिसतात, इतके मला यातून समजले.

आता स्टेशनवरून शेतात येऊ. इथे बसलेल्या निम्म्या पालकांच्या घरी कापूस असेल. जालन्याला श्री. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ साली महिको ही बियाण्यांची कंपनी काढली. जालन्यासारख्या गावातला माणूस पुढे १९९८ साली जागतिक अन्न पुरस्कारापर्यंत पोचला, याचा अभिमान आपल्या सर्वांनाच आहे. त्याच वर्षी अमेरिकेच्या सेंट लुईस शहरातल्या मोन्सॅन्टो कंपनीने महिकोचे २६ टक्के भाग घेतले. दोघींनी मिळून निम्म्या-निम्म्या भागीची तिसरी कंपनी काढली आणि मार्च २००२ मध्ये बीटी कापसाला सरकारची परवानगी मिळाली. ४५० ग्रॅमचे पाकीट सुरुवातीला १,६०० रुपयांच्या घरात होते, पुढे ते १,८५० पर्यंत गेले. त्यातले सुमारे १,२५० रुपये तर नुसत्या त्या जनुकाचे, म्हणजे तंत्रज्ञानाच्या मालकीचे. बियाणे तयार करणाऱ्याला उरले ते बाकीचे.

२००६ साली आंध्र सरकार मक्तेदारी आयोगापुढे गेले. ही कंपनी अमेरिकेत आणि चीनमध्ये याच गोष्टीचे पैसे कितीतरी कमी घेते, मग आमच्याच शेतकऱ्याकडून इतके का, अशी त्यांची तक्रार होती. पाकीट ७५० रुपयांवर आले. ते काही कंपनीच्या दयेमुळे नव्हे. अर्ज कोणी लिहिला, आकडे कोणी जमवले, आयोगासमोर कोण उभे राहिले, त्यावर ते झाले. पुढे केंद्र सरकारने डिसेंबर २०१५ मध्ये कापूस बियाण्याच्या किमतीवर नियंत्रण आणले. तंत्रज्ञानाची रक्कम मार्च २०१६ मध्ये पाकिटामागे ४९ रुपये ठरली आणि २०२० साली शून्य झाली. मधल्या काळात कंपनीने हिंदुस्थानातून निघून जाण्याचा इशाराही दिला आणि आपल्या पुढच्या वाणाचा अर्ज २०१६ मध्ये मागे घेतला. २०१७ ला आपल्या भागात गुलाबी बोंडअळीने त्याच बीटी कापसाचे काय केले, ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. पेरताना हमी वाटत होती, वेचताना बोंडात अळी होती.

इथवर ऐकून तुम्ही म्हणाल, की झाले, परकी कंपनी परक्यासारखीच वागली. विद्यार्थिनीचे म्हणणेही हेच होते. म्हणून आता त्या कंपनीच्या स्वतःच्या मुलखात जाऊ. अमेरिकेत इंडियाना नावाचे राज्य आहे. तिथल्या बोमन नावाच्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने धान्याच्या कोठारातून मिसळीचे सोयाबीन स्वस्तात विकत आणले आणि दुसऱ्या पिकाला पेरले. त्यातली झाडे कंपनीच्या पेटंटची निघाली. पुढच्या वर्षांसाठी त्याने त्यातलेच बी राखून ठेवले. तुमच्या-माझ्या आजोबांनी आयुष्यभर हेच केले. कंपनीने त्याच्यावर दावा लावला. प्रकरण अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि २०१३ साली सर्व न्यायाधीशांनी एकमताने कंपनीच्या बाजूने निकाल दिला. म्हाताऱ्यावर सुमारे ८४ हजार डॉलरचा भुर्दंड बसला.

तो तिच्याच देशाचा माणूस होता! कंपनीने त्याला वेगळे वागवले नाही. उलट याबाबतीत आपल्याकडचा शेतकरी बरा आहे. आपल्या २००१ च्या कायद्याने शेतकऱ्याला आपल्या पिकाचे बी राखून ठेवण्याचा, पेरण्याचा, देवघेव करण्याचा हक्क दिला आहे. संकरित कापसात त्याचा उपयोग होत नाही, कारण संकरित बी दरवर्षी नवे घ्यावेच लागते. पण सोयाबीन, तूर, हरभरा यांत होतो. म्हणजे कंपनी अमेरिकेची असूनही बियाण्याच्या या हक्कात परभणीचा शेतकरी इंडियानाच्या शेतकऱ्यापेक्षा सुरक्षित आहे. फरक पडला तो कोणत्या देशात कोणता कायदा झाला, यामुळे.

आणि त्या कंपनीचा मुलूख तरी कुठे राहिला? २०१८ साली बायर या जर्मन कंपनीने ती सुमारे ६३ अब्ज डॉलरना विकत घेतली आणि तिचे नावच पुसून टाकले. अमेरिकेची म्हणून जिला आपण शिव्या देत होतो, ती एका दिवसात जर्मनीची झाली. ज्याची जन्मभूमी बाजारात विकली जाते, त्याच्याकडून देशप्रेमाची अपेक्षा कशी करावी?

एक कडू गोष्ट बोलतो, पालकांनी राग मानू नये. आपल्या परभणीच्या कृषी विद्यापीठाच्या नांदेड येथील कापूस संशोधन केंद्राने १९८४ साली 'नांदेड-४४' हे संकरित वाण दिले. कोरडवाहू जमिनीत टिकणारे आणि रसशोषक किडींना सहजी दाद न देणारे वाण होते ते. वर्षानुवर्षे ते मराठवाड्यात घरोघर पेरले गेले. पुढे बीटीचे पाकीट आले आणि आपण ते घरचे वाण एकदम टाकून दिले. विद्यापीठाने महाबीजला बरोबर घेऊन त्याचे बीटी रूप आणेपर्यंत बाजार केव्हाच दुसऱ्याच्या हाती गेला होता. कंपनीने देशाशी इमान राखावे, असे म्हणणाऱ्या आपण आपल्या विद्यापीठाच्या वाणाशी किती राखले? अर्थात ज्याच्या डोक्यावर कर्ज आहे तो दोन क्विंटल जास्त देणाऱ्या पाकिटाकडेच जाणार. मी त्याला दोष देत नाही. पण कंपनीही हेच कारण सांगते, हे ध्यानात असू द्या.

आता उलट बाजू. आपल्या देशाच्या कंपन्याही परदेशी गेल्या आहेत. टाटा स्टीलने २००७ साली ब्रिटनची कोरस कंपनी विकत घेतली, तेव्हा आपल्या वर्तमानपत्रांनी दिवाळी साजरी केली. ज्यांनी आपल्यावर राज्य केले त्यांचेच पोलाद आपण घेतले, असा तो सूर होता. वेल्समधल्या पोर्ट टॅलबॉट गावची शेवटची भट्टी ३० सप्टेंबर २०२४ ला विझली. त्या जागी विजेची भट्टी येणार आहे आणि तिच्यासाठी ब्रिटिश सरकारने ५० कोटी पौंड देऊ केले आहेत. पण सुमारे २,८०० माणसांच्या नोकऱ्यांवर गदा आली. भट्टी तोट्यात होती, धूर फार करीत होती, हे सगळे खरे असेल. परंतु त्या गावातल्या एखाद्या मुलीने आपल्या शिक्षकाला विचारले असेलच, "सर, ही हिंदुस्थानी कंपनी आम्हाला परके समजते का?" तिचा प्रश्न आणि आपल्या मानवतच्या मुलीचा प्रश्न एकच आहे. एकीला जे उत्तर द्यायचे तेच दुसरीलाही दिले पाहिजे, नाहीतर तो आपला न्याय नव्हे, आपला पक्षपात झाला.

मग देणे कशाचे म्हणायचे? याचे एक उदाहरण आपल्या मुंबईचे आहे. ख्वाजा अब्दुल हमीद हे अलीगढचे. बर्लिनला रसायनशास्त्र शिकून आले आणि १९३५ साली त्यांनी मुंबईत सिप्ला काढली. स्वातंत्र्यानंतरही कितीतरी वर्षे औषधांचे पेटंट परदेशी कंपन्यांकडे होते आणि किमतीही त्यांच्याच. १९७० साली आपल्या संसदेने नवा पेटंट कायदा केला व तो १९७२ पासून अंमलात आला. औषधाच्या पदार्थावर पेटंट नाही, ते तयार करण्याच्या पद्धतीवर मात्र आहे, असे त्याने ठरवले. म्हणजे तेच औषध वेगळ्या रीतीने तयार करण्याची वाट मोकळी झाली. सिप्लासारख्या कंपन्या वाढल्या त्या या कायद्याच्या सावलीत. हे देशाने कंपनीला दिलेले भांडवल होते, जरी ते कुठल्या ताळेबंदात दिसत नसले तरी.

आणि परतफेड? २००१ साली हमीदसाहेबांचे चिरंजीव डॉ. युसूफ हमीद यांनी एड्सवरची तीन औषधे मिळून वर्षाला ३५० डॉलरमध्ये देण्याची तयारी दाखवली. पाश्चात्त्य बाजारात त्याच उपचाराला १० हजार डॉलरच्या वर खर्च येत होता. आफ्रिकेत माणसे मरत होती आणि औषध कपाटात होते. ते त्यांच्यापर्यंत जाण्याची वाट या ३५० डॉलरने मोकळी केली. हे देशाचे देणे फेडणे झाले की नाही? मी म्हणतो, झाले. हिंदुस्थानने जो कायदा दिला त्याचे फळ केनियातल्या आईच्या पदरात पडले, म्हणून ते देशाबाहेर गेले असे मी मानीत नाही. मात्र एक विसरू नका : २००५ साली आपला कायदा पुन्हा बदलला, औषधांवर पदार्थाचे पेटंट आले आणि ती वाट अरुंद झाली. हमीदसाहेबांचा दिलदारपणा कायद्याने पुसला नाही, पण कायद्याशिवाय नुसत्या दिलदारपणाने गोळी तयार होत नाही.

दुसरे उदाहरण खानदेशातल्या अमळनेरचे. साने गुरुजी ज्या गावच्या शाळेत शिकवीत तेच हे गाव. तिथे मोहम्मद हाशम प्रेमजी यांनी डिसेंबर १९४५ मध्ये वनस्पती तुपाचा कारखाना काढला. १९६६ साली ते वारले आणि चिरंजीव अझीम प्रेमजी अमेरिकेतले शिक्षण टाकून परत आले. १९७८ साली आयबीएम हिंदुस्थानातून गेली आणि संगणकाच्या धंद्यात पोकळी झाली, त्या पोकळीत ही कंपनी शिरली. आज विप्रो म्हणून जी जगभर पसरली आहे ती हीच. मुख्य कचेरी बंगलोरला गेली. अमळनेरकरांनी कंपनीला निष्ठेच्या गोष्टी सांगितल्या असत्या, तर त्यांच्या हाती काय लागले असते, कोण जाणे! पण गावातल्या अनेक साध्या माणसांनी कंपनीचे शेअर घेऊन ठेवले होते, आणि ज्यांनी ते विकले नाहीत त्यांच्या घरी पुढे लक्ष्मी आली. कंपनी जगात कुठेही गेली तरी लाभांश जाहीर केला की तिला तो अमळनेरच्या त्या घरी पाठवावा लागतो. ती प्रेमाने पाठवते की नाही, हा प्रश्नच उद्भवत नाही. कागदावर त्यांचे नाव आहे.

म्हणून त्या विद्यार्थिनीला माझे उत्तर असे आहे. बेटा, कंपनीला मुलूख नसतो, नोंदणीचे ठिकाण असते. तुझ्या भावाला तिने परका म्हणून काढले नाही, खर्च म्हणून काढले. हे ऐकून तुझे दुःख कमी होणार नाही, कदाचित वाढेलही. पण तिच्यावर देणे आहे : ज्या देशाच्या शाळांत तिची माणसे शिकली, ज्या रस्त्यांवरून तिचा माल गेला, ज्या न्यायालयांनी तिची मालमत्ता राखली, त्या प्रत्येक देशाचे. जन्माच्या देशाचे थोडे जास्त, कारण तिथे तिने पहिले कर्ज उचलले. हे देणे ती आपणहून फेडील, अशी वाट पाहण्यात अर्थ नाही. ते करात, करारात आणि कायद्यात लिहून घ्यावे लागते, आणि लिहून घेणाऱ्याला दुसऱ्या बाजूच्या वकिलाइतके वाचता यावे लागते. अघोरनाथांना आणि मुल्ला अब्दुल कय्यूमना १८८३ साली तो कागद कोणी दाखवला नाही. तुझ्या भावाच्या नेमणुकीचा कागद मात्र त्याच्या पेटीत आहे. तो मी मागवून घेतला. बारा पाने आहेत, इंग्रजीत. त्याने सही केली त्या दिवशी फक्त पगाराचा आकडा वाचला होता, असे तो प्रामाणिकपणे म्हणाला. सातव्या पानावर काम बंद झाल्यास द्यावयाच्या रकमेचे एक कलम आहे. हिशेब केला तर त्याला मिळाले त्यापेक्षा जास्त मिळायला हवे होते, असे मला दिसते. आम्ही दोघे पुढच्या आठवड्यात परभणीतल्या एका वकिलाकडे जाणार आहोत.

चहाच्या वेळी मागच्या टेबलाजवळ थांबा. तिथे मी बियाण्यांची रिकामी पाकिटे, एका विमा पॉलिसीची पाने आणि नाव झाकलेला तो नेमणुकीचा कागद ठेवला आहे. बारीक अक्षरात आहे, चष्मा असेल त्यांनी बरोबर आणावा.